एका पात्राची किंमत

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील ‘लॅब झिरो गेम्स’ या लहानशा संस्थेने २०१३ साली लोकांपुढे झोळी पसरली. ‘स्कलगर्ल्स’ हा तिचा द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ गेम आदल्याच वर्षी बाजारात आला होता. त्यात आणखी एका पात्राची भर घालायची होती आणि त्या एका पात्रासाठी संस्थेने १ लाख ५० हजार डॉलर मागितले. रक्कम ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या. पडद्यावर उड्या मारणाऱ्या एका चित्रातल्या मुलीला एवढा पैसा कशाला, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविकच होते. संस्थेने त्यावर केले ते मात्र या व्यवसायात विरळा घडणारे होते. तिने आपली हिशेबाची वही लोकांसमोर उघडी केली. लोकांनी ती वाचली आणि मागितल्याच्या पाचपटींहून अधिक, म्हणजे ८ लाख डॉलरांवर रक्कम गोळा करून दिली.

व्हिडिओ गेम हा पोरासोरांचा वेळकाढू नाद आहे, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांत अजूनही आढळते. या समजुतीपायी एका महत्त्वाच्या आर्थिक प्रश्नाकडे दुर्लक्ष होत आहे. हाताने चितारलेले पात्र हालते-बोलते करण्याचे काम कोणी कोणाकडून, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर करून घ्यावे, हा तो प्रश्न होय. महाराष्ट्रात दरवर्षी शेकडो तरुण चित्रकला महाविद्यालयांतून बाहेर पडतात. त्यांच्यापैकी अनेकांची उपजीविका पुढील काळात याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहणार आहे. म्हणून त्या उघड्या वहीतील आकडे मुळातून पाहणे उपयुक्त ठरेल.

वहीतील आकडे

दीड लाखांपैकी ४८ हजार डॉलर हे आठ जणांचे दहा आठवड्यांचे वेतन होते. साधा भागाकार केला तर माणशी आठवड्याला ६०० डॉलर पडतात. लॉस एंजेलिससारख्या महागड्या शहरात कसबी कारागिराला हे वेतन चैनीचे नव्हे, जेमतेम भागवण्याचे होते. बाहेरच्या चित्रकारांकडून करून घ्यायचे ॲनिमेशन व रेषांची सफाई यांसाठी ३० हजार, आवाजाच्या मुद्रणासाठी ४ हजार, आघाताच्या सीमा आखण्यासाठी २ हजार आणि ध्वनिसंयोजनासाठी ५ हजार डॉलर धरले होते. खेळातील दोष शोधण्याच्या चाचण्यांना २० हजार आणि खेळयंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांना १० हजार लागणार होते. लोकवर्गणी गोळा करणाऱ्या मंचाचे व पैसे पोचविण्याचे शुल्क १० हजार ५०० होते आणि देणगीदारांना भेटवस्तू बनवून धाडण्याचा खर्च २० हजार ५०० होता.

या आकड्यांत एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. पैसे गोळा करण्याचा व देणगीदारांचे आभार मानण्याचा एकत्रित खर्च ३१ हजार डॉलर होता. बाहेरच्या चित्रकारांच्या वाट्याला आलेली रक्कम त्याहून एक हजाराने कमी होती. चाचण्या व प्रमाणपत्रे यांच्यावरही चित्रकारांइतकाच खर्च होता. ज्या कलेच्या आकर्षणाने लोकांनी खिशात हात घातला, त्या कलेच्या बाहेरील हातांना प्रत्यक्षात रुपयातले वीस पैसे मिळावयाचे होते. यात कोणाची लबाडी नव्हती. आधुनिक कलाव्यवसायाची रचनाच अशी आहे की, वस्तू घडविण्यापेक्षा ती बाजारात आणण्यालाच अधिक पैसा लागतो. शेतकऱ्याच्या कांद्याचे जे होते, तेच चित्रकाराच्या रेषेचे होते.

पट आणि खेळ

हाताने चितारलेल्या ॲनिमेशनला एवढे श्रम का लागतात, हे समजून घेतल्याशिवाय मोबदल्याची चर्चा पोकळ ठरेल. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी सेकंदाला बारा चित्रे लागतात. व्हॅन गॉगच्या जीवनावरील ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या २०१७ सालच्या चित्रपटासाठी शंभरावर चित्रकारांनी सुमारे ६५ हजार चौकटी तैलरंगांत रंगविल्या. तेथे निदान एक सोय होती. प्रसंगांचा क्रम ठरलेला होता आणि प्रेक्षकाला तो बदलता येत नव्हता.

खेळात ही सोय नाही. पात्र केव्हा धावेल, केव्हा उडी मारील आणि उडी अर्ध्यावर असताना केव्हा तलवार उपसेल, हे खेळणारा ठरवतो. त्यामुळे प्रत्येक हालचालीचे चित्र दुसऱ्या अनेक हालचालींना सांधता आले पाहिजे. शिवाय चित्रकाराला मुठीचा प्रहार डौलदार दिसावा म्हणून आधी हात मागे घेतलेली चार चित्रे काढावीशी वाटतात. पण बटण दाबताक्षणी प्रहार झाला नाही, तर खेळणारा वैतागतो. मग त्या चारांतील तीन चित्रे काढून टाकावी लागतात. सौंदर्य आणि तत्परता यांच्यातील ही ओढाताण चित्रपटाच्या चित्रकाराला ठाऊक नसते.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. एका पात्राच्या वीस हालचाली आहेत आणि प्रत्येक हालचाल सरासरी अर्ध्या सेकंदाची आहे, असे समजू. म्हणजे १२० चित्रे झाली. प्रत्येकाचे कच्चे रेखाटन, पक्की रेषा आणि रंग अशा तीन पायऱ्या धरून एक चित्रकार दिवसाला दोन चित्रे पुरी करीत असेल, तर साठ दिवस लागतील. आता साठाव्या दिवशी निर्मात्याने सांगितले की, पात्राच्या अंगरख्याची बाही आखूड हवी. बदल बोटभराचा, पण तो १२० चित्रांत करावा लागतो. काम ठोक रकमेवर घेतलेले असेल, तर निर्मात्याला हा बदल फुकट पडतो आणि चित्रकाराला पुन्हा कित्येक आठवडे खर्ची घालावे लागतात. स्वतंत्र खेळांच्या व्यवसायातील निम्मी भांडणे या आखूड बाहीपाशी सुरू होतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यावरचा व्यवहारी उपाय अनुभवी मंडळी जाणतात. आधी ओबडधोबड आकृती खेळात घालून पाहावयाची, हालचालींचा वेग व पल्ला नक्की करावयाचा, मग रेखाटनांना संमती घ्यावयाची आणि रंगाची कुंचली सर्वांत शेवटी उचलावयाची. घराचा नकाशा मंजूर होण्याआधी भिंतींना रंग देऊ नये, इतके साधे हे तत्त्व आहे. उत्साहाच्या भरात पहिला बळी जातो तो याच तत्त्वाचा.

जोखीम कोणाची?

या क्षेत्रातील यशाचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडातील आहे. चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या बंधूंनी १९३० च्या दशकातील अमेरिकन व्यंगचित्रपटांच्या धर्तीवर ‘कपहेड’ हा खेळ करावयास घेतला. पात्रे कागदावर पेन्सिलीने काढून शाईने गिरवावयाची आणि पार्श्वभूमी जलरंगात रंगवावयाची, असा त्यांचा हट्ट होता. पात्रांच्या चित्रांत रंग मात्र संगणकावर भरले गेले. तेही हाताने करावयाचे ठरते, तर आणखी वर्षे गेली असती. काम वाढत गेले, तेव्हा बंधूंनी नोकऱ्या सोडल्या आणि राहत्या घरांवर नव्याने कर्ज काढले. सप्टेंबर २०१७ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. वर्ष संपण्याच्या आत त्याच्या २० लाखांवर प्रती खपल्या आणि २०२० च्या मध्यापर्यंत हा आकडा ६० लाखांवर गेला.

ही कथा स्फूर्तिदायक आहे, यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात एक सापळा आहे. घर गहाण टाकून यशस्वी झालेल्यांच्या मुलाखती छापून येतात. घर गहाण टाकून ते गमावणाऱ्यांचे नाव कोणाला कळत नाही. ज्या व्यवसायाचे भांडवल राहत्या घरातून उभे राहते, तो व्यवसाय घर असलेल्यांचाच राहणार. ज्याच्यापाशी गहाण टाकण्यास काही नाही, त्याने कितीही सुंदर चित्रे काढली, तरी तो दुसऱ्याच्या खेळातला रोजंदार चितारीच राहील.

पुण्याचा अनुभव याहून वेगळा नाही. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातील संस्थेने ‘राजी’ या खेळात पहाडी लघुचित्रांच्या वळणाची हाताने रंगविलेली सृष्टी उभी केली. २०१७ साली तिने परदेशी मंचावर लोकवर्गणीचे आवाहन केले. परंतु उद्दिष्ट गाठता आले नाही. तरीही नेटाने काम चालू ठेवून २०२० मध्ये संस्थेने खेळ जगापुढे आणला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या नामांकनांत त्याला स्थान मिळाले. ही कामगिरी अभिमानास्पद आहे. मात्र आपल्या भूमीत कसब आणि जिद्द असूनही धीराने वाट पाहणारे भांडवल नाही, हेही तिने दाखवून दिले.

विक्रीच्या टोकाला परिस्थिती अशीच विषम आहे. संगणकीय खेळांची जगातील सर्वांत मोठी पेठ असलेल्या ‘स्टीम’ची नेहमीची आडत ३० टक्के आहे. २०१८ पासून एखाद्या खेळाचे उत्पन्न १ कोटी डॉलरांवर गेले, तर पुढील विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींवर गेले, तर २० टक्के घेण्याचा नियम झाला. म्हणजे गाडाभर माल आणणाऱ्याला आडत कमी आणि पाटीभर आणणाऱ्याला पुरी! बाजार समितीच्या आवारात वाढलेल्या कोणालाही हा न्याय अनोळखी वाटणार नाही.

कायद्याचे माप

आता मालकीकडे वळू. भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास त्या चित्राचा पहिला स्वामी पैसे देणारा ठरतो. नोकरीत काढलेल्या चित्राचा स्वामीही तसाच करार नसल्यास मालकच असतो. याचा अर्थ असा की, तोंडी बोलीवर काम करणाऱ्या चित्रकाराचे पात्र पुढे खेळातून चित्रपटात गेले, दप्तरांवर आणि खेळण्यांवर झळकले, तरी त्याला एक पैही मागता येणे कठीण. ५७ व्या कलमाने कर्त्याला आपले नाव सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा विशेष अधिकार ठेवला आहे; पण तो अब्रूचा अधिकार आहे, उत्पन्नाचा नव्हे.

२०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा सुरक्षित करण्यात आला. गीत विकून टाकल्यानंतरही ते वाजत राहील तोवर कर्त्याला काही मिळाले पाहिजे, हे तत्त्व संसदेने मान्य केले. परंतु ते साहित्य आणि संगीतकृतींपुरतेच मान्य केले. पात्राला चेहरा देणारा चितारी त्या दुरुस्तीच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. गाण्याच्या कर्त्याला न्याय आणि चेहऱ्याच्या कर्त्याला नाही, हा भेद कोणत्या तर्काने समर्थनीय ठरतो?

‘स्कलगर्ल्स’चा उत्तरार्ध या बाबतीत बोधप्रद आहे. त्या खेळाची मालकी चित्रकारांच्या संस्थेकडे नव्हती. ‘ऑटम गेम्स’ या प्रकाशकाकडे होती. २०२० मध्ये अंतर्गत वादातून लॅब झिरो मोडली. तेथील काही कलावंतांनी ‘फ्यूचर क्लब’ ही नवी संस्था काढली. खेळ मात्र मालकाकडे राहिला आणि पुढे चालू राहिला. पात्रे जिवंत राहिली, ती घडविणारे घर तेवढे उठले. यात बेकायदा काहीच नव्हते, आणि विचार करण्याजोगी गोष्ट नेमकी तीच आहे.

यंत्राचा पर्याय

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात चित्रे काढीत असताना साठ-साठ दिवस कुंचला चालविणाऱ्याची एवढी चिंता कशाला? विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले होते की, कारखान्यातील उत्पादकता वाढत जाते, पण वाद्यवृंदाला एक रचना वाजविण्यास पूर्वीइतकीच माणसे आणि तितकाच वेळ लागतो. म्हणून कलेचा तुलनात्मक खर्च सतत चढता राहतो. हाताने चितारलेले ॲनिमेशन हे या नियमाचे चपखल उदाहरण आहे. तेव्हा यंत्र स्वस्त पडेल हे नाकारण्यात अर्थ नाही.

हस्तकला आहे एवढ्याच कारणाने ती पोसावी, असेही कोणी म्हणू नये. ग्राहकाला फरक जाणवत नसेल, तर त्याने जादा दाम का मोजावे? परंतु ‘कपहेड’च्या खपाने सिद्ध केले की, फरक जाणवणारा ग्राहक मोठ्या संख्येने आहे. दुसरे असे की, एक देखणे चित्र निघणे वेगळे आणि एकच पात्र १२० चित्रांत त्याच स्वभावाने वावरणे वेगळे. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यंत्र ज्या चित्रांवरून शिकले, ती कोणीतरी हातानेच काढलेली होती आणि त्यांच्या कर्त्यांना त्याबद्दल विचारले गेले, असे म्हणण्यासारखी परिस्थिती नाही. खेळात अशी साधने वापरली असतील, तर तसे जाहीर करण्याची अट ‘स्टीम’ने जानेवारी २०२४ पासून घातली. ग्राहकाला माल कसा बनला हे कळले पाहिजे, हे तत्त्व खादीच्या आणि पैठणीच्या ग्राहकाला नव्याने शिकविण्याची गरज नाही. हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाचे कापड खपविले जाते, तेव्हा बुडतो तो विणकरच.

धोरणाची दिशा

चित्रे हालती करण्याची विद्या महाराष्ट्राला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला, त्यात आगकाड्यांनाच पात्रे बनविले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगचित्रपट विभाग १९५६ साली सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने चित्रकारांची एक पिढी तयार झाली. त्या व्यवस्थेत सरकारी संथपणाचे सर्व दोष होते; पण शिकण्याच्या काळातही कलावंताच्या घरी दरमहा पगार जात होता. ती संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. त्याहून जुनी परंपरा सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची आहे. सुट्या चित्रांची पोथी एकेक पान पुढे करीत गायनातून कथा सांगणारे चित्रकथी तेथे आजही आहेत. चित्रामागून चित्र ठेवले की कथा चालू लागते, हे त्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकविले नाही. उद्या त्यांच्या शैलीवर एखादा खेळ बेतला गेला, तर त्यांना नाव आणि वाटा मिळेल काय?

ॲनिमेशन व खेळनिर्मितीच्या राष्ट्रीय संस्थेची मुंबईत स्थापना करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. धोका एवढाच की, औद्योगिक धोरणांच्या सवयीप्रमाणे सवलती जमिनीला, इमारतीला आणि यंत्रसामग्रीला मिळतील; ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, केवळ कागद, संगणक आणि कसब आहे, तो कोरडाच राहील. फ्रान्समध्ये चित्रपटविषयक राष्ट्रीय केंद्र खेळनिर्मितीला मूळ कल्पनेच्या आणि पूर्वतयारीच्या टप्प्यापासून साहाय्य देते. येथेही शंभर कोटींच्या एका संकुलाऐवजी काही लाखांची शंभर अनुदाने, प्रत्येकी एक पात्र पुरे करण्यापुरती, देऊन पाहण्यास काय हरकत आहे? एक पुरे झालेले, हालते पात्र दाखविता आले, तर प्रकाशकापुढे उभे राहण्याचे बळ लहान संस्थेला येते.

अनुदानाबरोबर अटही हवी. चित्रकाराशी लेखी करार झाल्याखेरीज पैसा मिळू नये. त्या करारात कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम असावी. आरंभी उचल असावी. किती वेळा बदल विनामूल्य आणि त्यापुढे कोणत्या दराने, हे लिहिलेले असावे. काम मध्येच थांबविल्यास झालेल्या श्रमाची भरपाई असावी. श्रेयनामावलीत नाव असावे. आणि खर्च भरून निघाल्यानंतरच्या उत्पन्नात, तसेच पात्राच्या अन्यत्र वापरात, लहानसा का होईना, वाटा असावा. असा नमुना करार मराठीत तयार करून प्रत्येक कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती देण्यास कोणत्याही कायद्याची दुरुस्ती लागत नाही. कायद्याची दुरुस्ती पुढे व्हावी. तोवर कराराने ते काम करता येते, कारण ‘उलट करार नसल्यास’ ही सवड १७ व्या कलमानेच ठेवली आहे.

स्वतंत्र खेळ करणारा निर्माता हा काही गबर सावकार नव्हे. बहुधा तोही कर्जबाजारी तरुणच असतो. म्हणून चित्रकाराला आज भरघोस रोख देणे त्याला जमणार नाही. परंतु ज्याला आजचे दाम पुरते देता येत नाहीत, त्याने उद्याच्या उत्पन्नात वाटा देण्यास कचरू नये. जोखीम दोघांची आणि मालकी एकाची, हा सौदा फार काळ टिकत नाही. लॅब झिरोने २०१३ साली वही उघडली, तेव्हा लोकांनी पैसे कमी केले नाहीत, वाढवून दिले. हिशेब लपविल्याने संशय वाढतो आणि उघडा केल्याने पत वाढते, हा व्यापाराचा जुना नियम या नव्या धंद्यालाही लागू पडला. तेव्हा पात्राची किंमत किती, हा प्रश्न विचारताना ती कोणाच्या हातात पडते, हेही विचारले गेले पाहिजे.